बर्फाच्या वाटेवरचे बांबू

वडसा
१२ सप्टेंबर १९८५

कांता, जयभीम.

तुझी पत्रं मामीच्या नावानं येतात आणि वाचतो मी. मामीले अक्षर वाचता येत नाई हे तुलेही माहीत आहे, मलेही. म्हणून तू जे लिहितेस ते मलेच लिहितेस असं मी धरून चालतो. पण तू गेल्यापासून माझं नाव आलं ते फक्त शेवटच्या ओळीत. ‘हेमराज वाचून दाखवेल, त्याला जयभीम सांग.’ वाचणाऱ्यालेच जयभीम सांगायचा, तोही मामीच्या तोंडून. मामी हसते अन् म्हणते, ‘घे गा, तुयासाठी आला.’

म्हणून हे पत्र माझ्या नावानं. उत्तरही माझ्याच नावानं पाहिजे.

बातमी अशी की कॉलेज सोडलं. बी.ए.चं दुसरं वर्ष होतं, राहू दे. कँटीनमध्ये एक पोरगा म्हणाला, नर्स एकदा विमानात बसली की परत येत नसते. मी त्याच्या कानाखाली दिली. कॉलेजवाले माफी लिहून दे म्हणाले. मी म्हटलं, त्यानं आधी आपलं वाक्य परत घ्यावं. त्यानं घेतलं नाई, मी कॉलेजात गेलो नाई. आता वडशाले बांबूच्या डेपोत आहे. ट्रकमधून बांबू उतरवून घेतो, बंडलं बांधून छोट्या लाइनच्या आगगाडीच्या डब्यांत चढवतो. शनिवारी सायकल डोंग्यात टाकून नदी उतरतो अन् गावी येतो. आधी मामीकडे, मग आमच्या घरी. आमची माय म्हणते, तू कोणाचा पोरगा आहे ते एकदा ठरव.

मले एक कळत नाई. कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात एवढ्या सिस्टर होत्या, त्या एलिन डॉक्टरणीले तिच्या देशात, नॉर्वेले, न्यायला तूच काऊन दिसली? दोन वर्षं म्हणालीस, मी हो म्हटलं. म्हणजे तू विचारलं नव्हतं, पण मी मनात म्हटलं.

तिथं काय आहे ते तरी लिही. मी कॉलेजच्या नकाशात पाहिलं. नॉर्वे जिथं संपते तिथं कागदच संपते.

तुझाच
हेमराज

•

किर्केनेसच्या पुढे
८ ऑक्टोबर १९८५

हेमराज,

पहिली गोष्ट, माझ्या आईला मामी म्हणणं बंद कर. गावात सासूलाच मामी म्हणतात ते लहान पोरालाही कळतं, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. दुसरी गोष्ट, कॉलेज सोडून माझ्या अब्रूचं रक्षण करायला मी सांगितलं नव्हतं. त्या पोराचं वाक्य हवेत गेलं असतं. तुझं वर्ष कुठे गेलं?

बोलून झालं. आता विचारलंस ते सांगते.

कागद संपतो तिथेच आम्ही आहोत. या मुलखाचं नाव सोर-वारांगेर. म्हणायला ही एक नगरपालिका. पण आपले ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही तिन्ही तालुके घातले तरी हिचा पदर उरेल. माणसं मात्र मंडईच्या जत्रेच्या दिवशी आपल्याकडे जमतात तेवढीच. एका अंगाला रशिया, एका अंगाला फिनलंड, वर समुद्र. समुद्र गप्प बसत नाही, बोटं खुपसल्यासारखा डोंगरांत लांबवर घुसतो. त्यामुळे समोर दिसणाऱ्या घरी जायचं तर अर्धा दिवस वळसा. किर्केनेस हे बंदराचं गाव, तिथे लोखंडाची मोठी खाण आहे. राजुऱ्याकडे कशी कोळशाची धूळ अंगणात बसते, तशी तिथे लोखंडाची.

रशिया आणि आमच्यामध्ये नदी आहे, पास्विक. वैनगंगेपेक्षा लहानच वाटली. आमच्या काठावर पिवळे खांब, त्यांच्या काठावर लाल-हिरवे. पलीकडे माणूस दिसला तर त्याला हात दाखवायचा नाही, हाक मारायची नाही, दगड फेकायचा नाही. तसा कायदाच आहे. मी पहिल्या दिवशी हात वर केला होता. एलिनने धरून खाली घेतला.

मी राहते ते गाव बंदरापासून दूर, समुद्रकाठी. मासे साफ करायचा कारखाना, एक दुकान आणि म्हाताऱ्यांचं घर. त्या घरात मी काम करते. गावातून बाहेर जायला एकच रस्ता, तो उघड्या डोंगरमाथ्यावरून जातो. झाड नाही, झुडूप नाही. विमानतळ, मोठा दवाखाना, सगळं त्या माथ्याच्या पलीकडे.

आणि ऐक, इथे बांबू आहे. उगवत नाही, रोवतात. जमीन गोठायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना लांब लांब बांबू उभे करतात. बर्फ पडलं की रस्ता, खड्डा, कडा सगळं एकसारखं होतं. मग दोन बांबूंच्या मधला तो रस्ता, एवढंच कळतं. आर्ने म्हणून आहे, तो हिवाळ्यात बर्फ सारायची मोठी गाडी चालवतो आणि आता बांबू रोवतो. काल मला गाडीत बसवून घेऊन गेला. मी एका बांबूचं पेर दाबून पाहिलं. खरं सांगते, सोडवेना. आर्ने म्हणाला, ‘तुमच्याकडे बर्फ नाही, मग रस्ता कशाने हरवतो?’ मी म्हटलं, पुराने. त्याने मान हलवली. त्याला पटलं.

आईच्या टाचांना भेगा पडल्या असतील. तिला वहाण घालायला सांग.

कांता

•

वडसा
२० नोव्हेंबर १९८५

कांता,

मामीले वाहाण घालायला सांगितलं. ती म्हणाली, ‘धानाच्या बांधीत वाहाण घालून जाऊ काय, पायाले मोजेही घाल म्हणा.’ मामी मी म्हणणारच. तू हो म्हटलं नाई, पण नाईही म्हटलं नाई. मधल्या जागेत मी उभा आहे, मले तेवढी पुरते.

तो बांबू आमच्याच डेपोतला असंल, असं मी सगळ्या हमालांना सांगितलं. चैतू म्हणाला, मग पुढच्या बंडलात तुलेच बांधून टाकतो, जा पोचून. बांधला असता तर गेलो असतो.

तुमची नदी मले आवडली नाई. हे कसलं पाणी, ज्याच्यावरून हाक मारता येत नाई? इथं मी वडशाच्या काठावरून ‘ओ झिंगूभाऊ’ म्हणून बोंबलतो, तेव्हा डोंगा सुटते. पलीकडची माणसं आपले सोयरे आहेत. नदीमुळे तर सोयरीक होते.

आता मुद्दा. तुझ्या पत्रात आर्ने आला. मामीच्या पत्रातही आर्ने. आर्नेनं मासे आणून दिले, आर्ने रोज संध्याकाळी येते, आर्ने आला की घर हसते. मी काही मोजून राह्यलो नाई. मामीनंच विचारलं, ‘हा आर्ने कोण गा?’ मी म्हटलं, मले काय माहीत, तुझ्या पोरीलेच विचारतो. म्हणून विचारून राह्यलो. वय काय त्याचं? लग्न झालं का? रोज संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या घरात गाडीवाल्याचं काय काम?

तुझ्या घरावरून जाताना अजून सायकलची घंटी वाजवतो. सवय आहे. मामी आतून म्हणते, ‘ती नाई घरी.’

तुझाच
हेमराज

•

१९ डिसेंबर १९८५

हेमराज,

आर्नेचं वय मी सांगणार नाही. तू साधं विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पोलीस चौकीसारखं विचारलंस, आता बस.

इथे सूर्य उगवायचा थांबलाय. दुपारी आभाळाची कड थोडी निळी होते, मग परत मिटते. जानेवारीत परत येईल म्हणतात. खिडकीखालपर्यंत बर्फ आहे. वादळ आलं की माथ्यावरचा रस्ता बंद करतात, फाटक लावतात. वारा जरा उतरला की बर्फाची गाडी पुढे आणि बाकीच्या मोटारी तिच्या मागे एका रांगेत, अशी सोडतात. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला पाहिजे, तो हरवला की थांबायचं.

आता महत्त्वाचं, आणि हे डोकं थंड ठेवून वाच. एलिन म्हणते, तीन वर्षं आणखी थांब, इथली नर्सिंगची पूर्ण परीक्षा दे. मग कुठल्याही दवाखान्यात मी मोठी सिस्टर होऊ शकेन, आपल्याकडेही. जागा एकच आहे. मला जानेवारीच्या शेवटापर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. माझ्या मनात हो आहे. पण आई एकटी आहे. ती नको म्हणाली तर मी दोन वर्षंही न थांबता मार्चात कायमची परत येईन, मनात काही न ठेवता.

तर आईला नीट वाचून दाखव. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिही. तुझी भर नको. तुझ्यावर एवढं एक काम सोपवते.

तुलाही विचारतेय का? हो, विचारतेय. पण आधी आईचं येऊ दे. तीन वर्षं थांबणारा माणूस मला आवडेल, हे मात्र लिहून ठेवते.

कांता

•

वडसा
१० जानेवारी १९८६

कांता,

तुझं पत्र मामीले वाचून दाखवलं. ती काही बोलली नाई. उठून चुलीजवळ गेली अन् लाकूड सारत बसली. मी दोनदा विचारलं. तिले खोकला आहे, थंडीचा. रात्री झोपत नाई म्हणते. तिच्या मनात काय आहे ते तूच ओळख, तू तिची पोरगी आहे.

माझं विचारशील तर, तीन वर्षं हा शब्द लिहायला सोपा आहे.

हेमराज

•

तार
वडसा, २८ जानेवारी १९८६

मदर सिरियस. स्टार्ट इमिजिएटली. हेमराज.

•

वडसा
२४ फेब्रुवारी १९८६

कांता,

तू आलीस अन् गेलीस. एवढ्या दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नाईस. तुझ्या घरासमोर घंटी वाजवली तर मामीही आतून काही म्हणाली नाई. मधी रस्ता होता, नदी नव्हती, तरी तुमच्या त्या पास्विकचा कायदा लागला.

मले सगळं डोळ्यासमोर दिसून राह्यलं. घराले कुलूप पाहून तू बॅग घेऊन पळत सुटलीस, अन् माय कुठं आहे असं ज्याला त्याला विचारत शेतावर गेलीस. मी मागून सायकल घेऊन आलो, हाक मारायची हिंमत झाली नाई. मामी बांधीत लाखोळी उपटत होती अन् कोणाच्या बकरीले शिव्या देत होती. तुले पाहून तिनं कंबरेले हात लावला.

‘कांते? काऊन आली व? सुट्टी भेटली?’

तू बांधावर बसलीस. बॅग हातातून सोडलीस. मामी घाबरली, म्हणाली, ‘काय झालं? मी तर बेस रहा, शीक म्हणून लिहवलं होतं ना हेमराजकडून. त्याच शनिवारी लिहवलं. भेटलं नाई का?’

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं. त्याच्यापेक्षा चप्पल मारली असती तर चाललं असतं.

हो, मामी हो म्हणाली होती. चुलीजवळ गेली ते खरं, पण बोलली. म्हणाली, ‘लिही, पोरीले म्हणा तीन वर्षं रहा, मी काही मरत नाई एवढ्यात.’ माझा हात चालला नाई. तो आर्ने रोज संध्याकाळी येते, तू वय सांगत नाईस, अन् मी स्वतःच्या हातानं लिहू की रहा?

पण जरा माझंही ऐक. आपल्याकडे अशी तार कोण करत नाई? मिल्ट्रीतल्या पोराले लग्नासाठी बोलवायचं तरी ‘मदर सिरियस’. पोस्टातला बाबू लिहिताना हसला, म्हणाला, ‘किती दिवसांची रजा पाहिजे?’ तार वाचणाऱ्यालेही माहीत असते, पाठवणाऱ्यालेही. तू घाबरशील हे मले समजायला पाहिजे होतं, ती चूक माझी. पण शेवटी काय झालं? आईले भेटलीस. ती धडधाकट आहे. तीन वर्षं रहा, हेही तिच्याच तोंडून ऐकलंस. एका तारेनं कोणाचं काय गेलं, ते तर सांग.

हेमराज

•

२० मार्च १९८६

हेमराज,

विचारलंस म्हणून सांगते.

तुझी तार दुकानदाराने फोनवरून घेतली आणि तो टोपीसुद्धा न घालता बर्फातून धावत आला. इथे कोणी हसलं नाही. आईची तार खोटी असू शकते हे इथल्या माणसाच्या मनात येत नाही, माझ्याही आलं नाही. तुझ्या पत्रात खोकला होता, मी तो धरून बसले होते. एलिन माझ्याबरोबर रडली. तिकिटासाठी दुकानातला डबा घरोघर फिरला. मी परीक्षेच्या जागेला नाही म्हणून कळवलं आणि बॅग भरली.

वादळ दोन दिवसांचं होतं. फाटक लावलेलं. विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं, त्यानंतरचं मिळायला वेळ होता. आर्नेला कोणी सांगितलं नव्हतं, तो स्वतःच आला. त्याच्या वरिष्ठाने फोनवर नको म्हटलं. आर्ने म्हणाला, ‘आई आजारी असली तर रस्ता बंद नसतो.’ मी त्याच्या शेजारी बसले. समोर काहीच नव्हतं, हेमराज. पांढरं, आणि दिव्याच्या उजेडात एक बांबू. तो मागे गेला की दुसरा येईपर्यंत गाडी उभी. तो काच खाली करून डोकं बाहेर काढायचा, बांबू शोधायचा, मग पुढे. पूर्ण रस्ता तो मला तुझ्या-माझ्या गावाबद्दल विचारत होता, मी रडू नये म्हणून. पलीकडे पोचवलं. माझी बॅग उचलून दिली आणि म्हणाला, ‘आता तू आईकडे बघ, मी घरी जातो.’

तो घरी पोचला नाही. वाऱ्याने माथ्यावरचे बांबू मोडले होते. परतताना त्याला कड दिसली नाही. गाडी उतारावर कलंडली, दार बर्फात दाबलं गेलं. त्याला काढलं तेव्हा तो जिवंत होता. गोठलेला डावा पाय घोट्यापासून काढावा लागला, उजव्याची बोटं.

मी हे परत आल्यावर ऐकलं. आपल्या अंगणात मी तुझ्यावर रागावून बसले होते तेव्हा तो दवाखान्यात होता.

आता वय सांगते. आर्ने एकसष्ट वर्षांचा आहे. त्याची बायको आमच्या म्हाताऱ्यांच्या घरात आहे, तिला काही आठवत नाही, त्यालाही ओळखत नाही. तो रोज संध्याकाळी येऊन तिला भरवायचा. तेवढं त्याचं काम. आता मी भरवते. ती दाराकडे बघत घास तोंडात धरून ठेवते, गिळत नाही. न ओळखणारी बाई कोणाची वाट बघते, मला सांगता येत नाही.

मी तेव्हा एका ओळीत वय लिहिलं असतं तर. हे रोज मनात येतं. तो माझा वाटा आहे, मी ठेवून घेते. तुझा तू ठेव.

मी आर्नेला खरं सांगितलं. दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ बसून सांगितलं की तार खोटी होती. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं माझी भाषा त्याला कळली नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे आई बरी आहे?’ मी म्हटलं, हो. म्हणाला, ‘मग ठीक.’ आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याला दुखत होतं.

निघताना त्याने विचारलं, तार पाठवणारा कोण. मी म्हटलं, कोणी नाही. आईची पत्रं लिहून देतो.

परीक्षेची जागा एलिनने परत मिळवून दिली. मी तीन वर्षं इथे आहे. तू मला पत्र लिहू नकोस.

कांता

•

वडसा
१४ एप्रिल १९८६

कांता,

लिहू नको म्हणालीस तरी लिहून राह्यलो, कारण हे मामीले सांगायच्या आधी कोणाले तरी सांगणं भाग आहे, अन् दुसरं कोणी नाई.

आज जयंती. मिरवणूक डेपोवरून गेली. चैतू निळा फेटा घेऊन बोलवायला आला, म्हणाला, ‘दरसाल सगळ्यात पुढं नाचतो, अन् आज काऊन दडून बसला?’ मी म्हटलं, पाय दुखते. म्हटल्यावर ते वाक्य माझ्याच तोंडात अडकलं.

त्या कँटीनमधल्या पोराची आठवण येते. त्याच्या एका वाक्यासाठी मी त्याले मारलं. मी तर तारेत तेवढंही लिहिलं नाई. तीन-चार शब्द, तेही सगळ्यांचे वापरलेले. तिकडे एक माणूस त्या शब्दांवर गाडी घेऊन निघाला. मी त्याचं वय विचारत होतो.

बांबू हाती घेतला की मले आता टोकाकडे पाहावं लागते. मोडका निघाला तर आम्ही बाजूले फेकतो, जळणाले जाते. काल मी एक मोडका फेकला नाई, तसाच धरून उभा होतो. मागचा हमाल ओरडला.

माफी मागत नाई. तिथं माफी लिहून दे म्हणाले होते तेव्हा लिहिली नाई, आता लिहायची तर कोणाच्या नावानं लिहू? त्याले माझी भाषा येत नाई. तुले माझी भाषा ऐकायची नाई.

उद्या नदी उतरून गावी जातो. मामीले सगळं सांगतो. आर्नेचा पाय, बायको, सगळं. मग ती म्हणंल तसं.

हेमराज

•

ता. ब्रह्मपुरी
१७ एप्रिल १९८६

चि. कांता हिस आई केसरबाईचा जयभीम अन् आशीर्वाद.

मी बेस आहो. टाचा बऱ्या आहेत. लाखोळी निघाली, थोडी कमी झाली, बकऱ्यांनी खाल्ली. दाराजवळच्या लिंबाले नवी पालवी आली.

हेमराजनं सांगितलं. परवा आला, उंबऱ्याच्या बाहेरच बसला, आत ये म्हटलं तर आला नाई. बाहेरूनच सांगितलं. सांगून झाल्यावर मी उठली. चूल पेटवायची होती ती पेटवली. भाकर दिली, त्यानं खाल्ली नाई. मग मी त्याले म्हटलं, परवा ये, पत्र लिहायचं आहे.

शेजारच्या रुखमाचा पोरगा दहावीत आहे, त्याचं अक्षर चांगलं आहे. तो लिहून देतो म्हणाला. मी नाई म्हटलं. हेमराजच्याच हातानं लिहवीन. दर महिन्याले लिहवीन. जे बोलीन ते लिहील, अन् तुझं जे येईल ते सगळं वाचून दाखवील, एक अक्षर गाळणार नाई. तसं मी त्याले सांगितलं आहे. लिहितानी तो थांबला होता, मी म्हटलं, थांबू नको, हेही लिही.

पौषात सांगितलं होतं ते आता पुन्हा सांगते. तीन वर्षं रहा, शीक. मी काही मरत नाई एवढ्यात. लिहिलं काय गा? लिहिलं म्हणते. वाचून दाखव म्हटलं, दाखवलं, बरोबर आहे.

त्या भल्या माणसाची बायको घास गिळत नाई म्हणते, तर तिच्याजवळ बसून आधी तू खा. आपल्या आजीले असंच करावं लागे. समोरचा खाते हे पाहून माणूस गिळते.

मोहाच्या बियांचं तेल काढून ठेवलं आहे. जो पाय राह्यला त्याले चोळायला. थंडीनं कातडी फाटते तिथं लावावं. पार्सल जाते काय तिकडे, ते हेमराज पोस्टात विचारून येईल. गेलं तर त्या भाऊले सांग, केसरबाईनं दिलं. दुसऱ्या कोणाचं नाव सांगू नको.

अन् तिकडे लग्न करावं वाटलं कोणाशी तर लपवू नको. चांगला माणूस पाहून कर. मले लिही. हेमराज वाचून दाखवील.

मले तो आता मामी म्हणत नाई. काकी म्हणते.

तब्येतीले जप. पायात मोजे घाल.

तुझी आई
केसरबाई
(अंगठा)

पत्र लिहून देणार: हेमराज